एक हजेरी फ्रेडीच्या नावाने

प्रति,
मा. नगराध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
पाचगणी गिरिस्थान नगरपरिषद, जि. सातारा

विषय : आपल्या गावात वाढलेल्या एका गायकाच्या स्मरणाबाबत

महोदय,

पाणी, कचरा, पार्किंग आणि शनिवार-रविवारच्या गाड्यांच्या रांगा यांतून आपल्याला फुरसत मिळत नसणार, याची कल्पना आहे. या पत्रात त्यांपैकी कशाचीही तक्रार नाही. आम्ही सातारा, वाई, कराड, मिरज आणि सांगली इथले काही लोक, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची, त्या काळात आम्ही इंग्रजी गाणी ऐकायला शिकलो. शब्द अर्धेमुर्धे कळायचे. क्वीन या बँडच्या गायकाचा आवाज मात्र पुरता कळायचा. तो गायक, फ्रेडी मर्क्युरी, आपल्या गावात लहानाचा मोठा झाला, हे आमच्यातल्या निम्म्यांना तो गेल्यानंतर समजलं.

आपल्याला हे ठाऊक असेलच. पण पत्र खुलं आहे, इतरही वाचतील, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

फारोख बुलसारा ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारला एका पारशी घरात जन्मला. घराणं मूळचं गुजरातचं, वडील तिकडे इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल. १९५५च्या सुमारास, आठ वर्षांचा असताना, त्याला बोटीने मुंबईला पाठवलं आणि तिथून पुणे, वाई, पसरणीचा घाट करत तो सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगात दाखल झाला. पुढची सातआठ वर्षं पाचगणी हेच त्याचं राहतं गाव. छोट्या सुट्ट्यांत मुंबईच्या नातेवाइकांकडे जायचा, आईवडील समुद्रापलीकडे. सातारा जिल्ह्याला बोर्डिंगचं नवल नाही. कर्मवीर अण्णांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथली पोरं स्वतः राबून शिकली. पाचगणीच्या बोर्डिंगांत वेगळ्या थरातली, लांबलांबची मुलं यायची. पण रात्री दिवे मालवल्यावर आठ वर्षांच्या पोराला घराची आठवण दोन्हीकडे सारखीच येत असणार.

या शाळेत त्याला तीन गोष्टी मिळाल्या. पहिली, नाव. फारोखचा फ्रेडी झाला तो पाचगणीत, वर्गमित्रांच्या तोंडी. (पुढे आलेल्या दातांमुळे 'बकी' असंही चिडवायचे. तोंडात चार दात जास्तीचे होते. पुढे पैसा आल्यावरही त्याने ते काढले नाहीत, आवाज बिघडेल या भीतीने.) दुसरी गोष्ट पियानो. पोराच्या हातात काही वेगळं आहे हे मुख्याध्यापकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी झांझिबारला आईवडिलांना पत्र धाडलं, की जास्तीची फी भरून याला संगीत शिकवा. आईवडिलांनी भरली. चौथ्या ग्रेडच्या परीक्षेपर्यंत तो पोचला. आणि तिसरी गोष्ट, बँड. १९५८ साली, बाराव्या वर्षी, पाच मित्रांनी मिळून 'द हेक्टिक्स' काढला. ब्रूस मरे गायचा, डेरिक ब्रांच, फरांग इराणी आणि व्हिक्टरी राणा साथीला आणि फ्रेडी पियानोवर. एल्व्हिस, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी. फरांगचा बास म्हणजे चहाचं रिकामं खोकं, त्याला काठी आणि एक तार. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं फ्रेडी लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा, असं हे मित्र पुढे सांगत राहिले.

त्या पाचांचं पुढे काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. डेरिक इंग्लंडात नट झाला. फरांगने पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवलं. ड्रम बडवणारा राणा नेपाळच्या सैन्यात लेफ्टनंट जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख होता. पियानोवाला १९६३च्या सुमारास झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली, कत्तली झाल्या, आणि बुलसारा कुटुंब हाती लागेल ते घेऊन लंडनजवळच्या फेल्थमला गेलं. तिथे त्याने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक कलेची पदविका घेतली. १९७० साली क्वीन उभा राहिला, आणि त्याच सुमारास त्याने बुलसारा सोडून मर्क्युरी हे आडनाव लावलं. क्वीनचं बोधचिन्हही त्याच्याच हातचं.

१९७५चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. एवढं लांब गाणं रेडिओ लावणार नाही म्हणून सगळ्यांनी नाकं मुरडली होती. ते इंग्लंडात सलग नऊ आठवडे पहिलं राहिलं. त्यात बॅलड आहे, ऑपेरा आहे, रॉक आहे, आणि धृपद शोधू गेलात तर सापडत नाही. ज्यांनी नाट्यपद तासभर रंगताना ऐकलंय त्यांना लांबीचं काय कौतुक, असं आमच्यातला एक सांगलीकर म्हणतो. ते असो. १३ जुलै १९८५ला वेम्बलीच्या मैदानावर लाइव्ह एड झालं. क्वीनच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं आली, समोर सत्तर हजारांवर माणसं, आणि हा गडी नुसत्या आवाजाने त्या सगळ्यांकडून आलाप वदवून घेतोय. तो म्हणतो, मैदान म्हणतं. तो फिरत घेतो, मैदानही घेतं. ते चित्रण बघताना आम्हाला प्रत्येक वेळी कीर्तनकार आठवतो, समोरच्यांना टाळ्या वाजवायला आणि गजर म्हणायला लावणारा. पाचगणीत शाळेच्या समारंभात पन्नास-शंभर मुलांपुढे जे सुरू झालं, त्याचाच हा विस्तार.

आता मुद्द्याकडे येतो.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स झाल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, तो लंडनच्या राहत्या घरी वारला. वय पंचेचाळीस. पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या, दहन झालं. रक्षा कुठे ठेवली हे त्याच्या इच्छेनुसार गुप्त ठेवलं गेलं आहे. म्हणजे चाहत्यांना डोकं टेकवायला समाधी नाही. मग लोक जिथे जमेल तिथे जातात. स्वित्झर्लंडच्या माँत्रोमध्ये तळ्याकाठी १९९६ साली ब्राँझचा पुतळा उभा राहिला, त्याच्या पायाशी फुलं पडतात. फेल्थमच्या घरावर २०१६ साली निळी पाटी लागली. झांझिबारमध्ये २००६ साली त्याची साठावी जयंती साजरी करायचं ठरलं, तर त्याच्या खाजगी आयुष्यावरून काही धार्मिक मंडळींनी विरोध केला; पण त्याच झांझिबारने २०१९ साली त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं. २०२३ मध्ये लंडनला त्याच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा नुसता पियानो सतरा लाख पौंडांवर गेला.

जन्माचं गाव झालं, स्थलांतराचं उपनगर झालं, आवडतं तळंही झालं. ज्या गावात तो पहिल्यांदा चार जणांपुढे वाजवायला बसला, ते मात्र या यादीत शोधावं लागतं. देशोदेशीचे चाहते पाचगणीत येतात आणि शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहून फोटो काढतात. शाळा आत सोडत नाही आणि ते बरोबरच आहे. तिथे शेकडो मुलं राहतात, ती काही प्रदर्शन नव्हे. मग हे लोक टेबललँडवर जातात, पारसी पॉइंटवर कणीस खातात, स्ट्रॉबेरी क्रीम घेतात आणि परततात. त्यांना गावाने सांगण्यासारखं काही ठेवलेलंच नाही.

तो मोठा झाल्यावर पाचगणीबद्दल जाहीरपणे फारसा बोलला नाही, मग आपण त्याला आपला का म्हणायचं, असा प्रश्न आपल्या सभागृहात कोणीतरी विचारेल. खरं आहे, नाही बोलला. साठ-सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडात सावळ्या पोराने आपलं मूळ झाकून ठेवलं तर त्याला दोष देणं सोपं नाही. आणि आपला म्हणण्यासाठी माणसाने तसं लिहून द्यावं लागतं, हा नियम आपल्याकडे कधी होता? अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैराण्याचे. मिरजेत येऊन राहिले, १९३७ साली मद्रासकडे प्रवासात वारले, आणि त्यांना आणून पुरलं ते मिरजेला, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. तेव्हापासून उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं. मोठमोठे गायक-वादक तिथे येतात आणि हजेरी लावतात. सांगली जिल्ह्याला गायकाची आठवण कशी ठेवायची हे कोणी शिकवायला नको. आठवण ठेवायची ती गाऊन.

म्हणून पहिलं मागणं आहे, पुतळा नको. चौथऱ्याची जागा, परवानग्या, शिल्पकार, त्याचे ओठ बरोबर आले की नाही यावरचा वाद, आणि मग वर्षातून दोनदा हार. हे सगळं आपण दोन्ही जिल्ह्यांत पुरेसं पाहिलंय. 'फ्रेडी पॉइंट'ही नको, पाचगणीत पॉइंट चिकार आहेत. सेल्फीसाठी रंगवलेले पंख आणि मुकुट तर मुळीच नको.

आम्हाला हवी आहे एक संध्याकाळ. दर वर्षी २४ नोव्हेंबरला, किंवा त्याला लागून येणाऱ्या शनिवारी. जयंती ५ सप्टेंबरला येते, पण तेव्हा पाचगणीत धो धो पाऊस आणि चार फुटांवरचं दिसू न देणारं धुकं असतं. नोव्हेंबरअखेर हवा कोरडी, थंडी गोड आणि दिवाळीची गर्दी ओसरलेली. नगरपरिषदेच्या ताब्यातलं एखादं मोकळं मैदान, एक मंच, बऱ्यापैकी ध्वनिक्षेपक. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळा-कॉलेजांतली जी मुलं वाजवतात-गातात, त्यांनी यावं आणि हजेरी लावावी. क्वीनचीच गाणी हवीत असं अजिबात नाही. खटावच्या पोरीला पोवाडा म्हणायचा असेल तर तिने म्हणावा, तासगावच्या पोरांनी स्वतः जुळवलेलं रॅप आणावं, मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला कोणी सतार घेऊन यावा, कराडच्या कॉलेजातल्या बँडने भिंती हलवाव्यात. अट दोनच : स्वतः वाजवायचं-गायचं, आणि रेकॉर्डवर ओठ हलवायचे नाहीत. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत. आणि हे हात जोडून सांगतो, मान्यवरांची भाषणं नकोत. आपण स्वतः पहिल्या रांगेत बसा, नारळ फोडा, आणि मग मुलांना गाऊ द्या.

हे इथल्या मातीत रुजणार नाही, परकं आहे, असं म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. १९८४ साली क्वीनने एका गाण्याच्या चित्रफितीत चौघांनाही बायकांच्या वेशात दाखवलं. फ्रेडी मिशा ठेवून, स्कर्ट घालून घरात झाडलोट करतोय. इंग्लंडात लोक पोट धरून हसले, अमेरिकेत ते चालेना, क्वीनला तिथे त्याचा फटका बसला म्हणतात. सांगलीकर असता तर म्हणाला असता, मिशा ठेवून कसलं रे स्त्रीपार्टी काम करतोस! आमच्या नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांनी अख्ख्या महाराष्ट्राला साडी कशी नेसावी आणि दागिने कसे ल्यावेत हे शिकवलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं तेव्हापासून या भागाला वेशांतराचं वावडं नाही. फ्रेडीवर लिहिणाऱ्यांनी लहानपणी त्याच्या कानावर पडलेल्या आवाजांत लताबाईंचंही नाव घेतलंय. ते खरं असेल तर मजा बघा : दीनानाथांचं बिऱ्हाड सांगलीत होतं, पोर लता तिथे वाढत होती, आणि वीसेक वर्षांनी तिचा आवाज रेडिओतून दीडेकशे किलोमीटरवरच्या पाचगणीत एका पारशी पोराने ऐकला.

दुसरं मागणं पाटीचं आहे. एक दगडी पाटी, मराठीत आणि इंग्रजीत, शाळेपाशी नव्हे तर एस.टी. स्टँडच्या आसपास, येणाऱ्याला सहज दिसेल अशी. त्यावर चारच ओळी असाव्यात : फारोख बुलसारा कोण, इथे केव्हा राहिला, इथे त्याने कोणता बँड काढला, आणि तो कशाने गेला. शेवटची ओळ गाळू नये, असा आमचा आग्रह आहे, आणि त्याचं कारण फ्रेडीपेक्षा आपल्या दोन जिल्ह्यांत जास्त आहे.

पुणे-बंगळूर रस्ता साताऱ्यातून, कराडातून जातो. नव्वदच्या दशकात एचआयव्हीने या पट्ट्याला किती पोखरलं, ते इथल्या डॉक्टरांना विचारा. गावोगाव तरणी माणसं गेली आणि घरच्यांनी कारण सांगितलं कावीळ, टीबी, अंगात मुरलेला ताप. मयताला माणसं खांदा द्यायला कचरायची. फ्रेडी गेल्याच्या पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, सांगलीत 'संग्राम' ही संस्था या कामाला लागली. वेश्यावस्तीतल्या बायकांनी तिथे स्वतःच कंडोम वाटायला आणि एकमेकींना सांभाळायला सुरुवात केली, आणि पुढे 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. देशाने धडा घ्यावा असं हे काम. आणि आपल्याच गावात बेल एअर आहे. डॉ. बिलिमोरिया या पारशी डॉक्टरांनी क्षयाच्या रुग्णांसाठी १९१२ साली सुरू केलेलं ते आरोग्यधाम रेडक्रॉसच्या हातात गेलं आणि एड्सच्या काळात त्याने या रुग्णांना जागा दिली, जेव्हा इतर अनेक दारं बंद होत होती. या आजारावर परिणामकारक औषधांची सांगड बसली ती १९९६ साली. सरकारी दवाखान्यांत ती औषधं फुकट मिळू लागली १ एप्रिल २००४ पासून. फ्रेडीला पाच वर्षं कमी पडली. आपल्याकडच्या कितीतरी जणांना तेरा.

जागतिक एड्स दिन १ डिसेंबरला असतो, २४ नोव्हेंबरनंतर बरोबर एका आठवड्याने. त्या संध्याकाळी मैदानाच्या कडेला बेल एअरचं आणि जिल्हा रुग्णालयाचं एक-एक टेबल असावं, तपासणीची माहिती द्यायला. गाणं ऐकायला आलेल्या वीस वर्षांच्या पोराला तिथे जाऊन विचारायला लाज वाटणार नाही. चावडीवरच्या जनजागृती फेरीत ती वाटते.

तिसरं मागणं अगदी लहान आहे. ५ सप्टेंबर हा फ्रेडीचा वाढदिवस आणि आपला शिक्षक दिन. त्या दिवशी नगरपरिषदेने दोन्ही जिल्ह्यांतल्या एका संगीत शिक्षकाला शाल-श्रीफळ द्यावं. संगीताचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळा आपण सगळेच ओळखतो. अशा शाळेतही पेटी झाकून न ठेवणारा एखादा मास्तर असतो. त्याला बोलवा. झांझिबारला एका मुख्याध्यापकांनी पत्र लिहिलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

खर्चाचं म्हणाल तर मंच, वीज आणि ध्वनी यांचा पहिल्या वर्षीचा भार आम्ही वर्गणीतून उचलू. मुलांच्या जेवणाची सोयही करू. परवानगी, मैदान आणि रात्री दहापर्यंतचा वेळ एवढं आपण द्यावं. पोलिसांना आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची हमी लेखी देऊ. आणि लोक येतील का ही शंका असेल, तर दोन कोसांवरच्या पुस्तकांच्या गावाकडे, भिलारकडे बघा. स्ट्रॉबेरीच्या गावात पुस्तकं वाचायला कोण जाणार, असं २०१७ मध्ये अनेकांनी म्हटलं होतं. भिलारकरांनी घरं उघडली, कपाटं मांडली, आणि लोक गेले.

२०२६ साली फ्रेडीच्या जन्माला ऐंशी आणि मृत्यूला पस्तीस वर्षं होतात. २४ नोव्हेंबर २०२६ मंगळवारी येतो. सुरुवात करायला हा मुहूर्त आम्हाला बरा वाटतो. तो जमला नाही तर त्यापुढचा कोणताही नोव्हेंबर चालेल. विषय आपल्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, ही विनंती. हे वाचणाऱ्या शिक्षकांनी, पालकांनी आणि विशेषतः घराच्या माळ्यावर गिटार ठेवून दिलेल्या मंडळींनी आपापल्या परीने नगरपरिषदेला एक-एक पोस्टकार्ड टाकावं.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सातारा-सांगलीचे काही श्रोते